विमान जुनं, दोष कुणाचा?

28 जून 2018. जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-90 जातीचं छोटं विमान घाटकोपरला एका बांधकामावर कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेला. मजूर जेवायला गेले होते म्हणून, नाहीतर आकडा कितीवर गेला असता कोण जाणे.

अशा वेळी भरपाई कुणाकडे मागायची? उडवणाऱ्याकडे, दुरुस्ती करणाऱ्याकडे, की बनवणाऱ्याकडे? सदोष वस्तूसाठी उत्पादकाला थेट जबाबदार धरणारं स्वतंत्र प्रकरण आपल्या ग्राहक कायद्यात आलं 2019 साली. लागू झालं जुलै 2020 मध्ये. आणि तो पादचारी तर कुणाचाच ग्राहक नव्हता.

अमेरिकेत नेमकं उलटं दुखणं होतं. दशकांपूर्वी विकलेल्या विमानांवरूनही दावे होत. विम्याचा खर्च परवडत नाही म्हणत सेस्ना या विमान कंपनीने 1986 मध्ये पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं. नवी विमानं नाहीत, म्हणून लोक जुनीच दामटत राहिले. सुरक्षेसाठी आणलेल्या धाकाचा हा परिणाम! 1994 च्या कायद्याने वीसपेक्षा कमी आसनांच्या, प्रवासी वाहतुकीच्या नियमित फेऱ्या न करणाऱ्या विमानांसाठी उत्पादकावर दावा करायला 18 वर्षांची मुदत घातली. सुटा भाग नवा बसवला, तर त्या भागापुरती मुदत पुन्हा पहिल्यापासून. सरकारी यंत्रणेपासून जाणूनबुजून दोष लपवणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. ही अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सेस्नाचं उत्पादन पुन्हा सुरू झालं; पण 152 हे शिकाऊंचं लाडकं मॉडेल काही परतलं नाही. आपल्या फ्लाइंग क्लबांतली 152 विमानं त्यामुळे चाळिशीच्या घरातली, आणि त्यांची भिस्त सगळी मेकॅनिकवर.