बेंचमार्कचा स्कोअर बघताना वॅटही बघा

दोन लॅपटॉपचे बेंचमार्क स्कोअर शेजारी ठेवून खरेदी ठरवताय? जरा थांबा. आरटीएक्स ४०६० चंच घ्या. लॅपटॉपमधल्या या ग्राफिक्स चिपला ३५ ते ११५ वॅटमध्ये किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणजे पातळ, हलक्या मॉडेलमधली ४०६० आणि जाडजूड गेमिंग लॅपटॉपमधली ४०६० यांच्या वेगात बराच फरक पडू शकतो, पण स्टिकर तेच! हा ग्राहकावर सरळ अन्याय आहे, असं मला वाटतं.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. गीकबेंच हे बेंचमार्क काही मिनिटांत आटोपतं आणि मधे मधे थांबतंही, त्यामुळे प्रोसेसर पुरता तापायच्या आत स्कोअर हातात येतो. सिनेबेंच आर२३ ची मूळ चाचणी १० मिनिटं सलग चालते, तिथे पंख्यांचा कस लागतो. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांनी हाच आकडा बघावा. (ब्राउझर, एक्सेल एवढंच काम असेल तर गीकबेंच पुरे.)

चाचणी चार्जर लावून केली की बॅटरीवर, मोड कोणता होता, रॅमची स्टिक एक होती की दोन, हे रिव्ह्यूत लिहिलेलं नसेल तर तो स्कोअर मी तुलनेत धरतच नाही.