फोटोचा कागद पारखून घ्या

नागापुरात आमच्या गटाने घरच्या प्रिंटरवर फोटो छापायला घेतले, तेव्हा सर्वात स्वस्त कागद आणला. एका ताईंनी वारलेल्या सासूबाईंचा फोटो मोठा करून नेला. पहिल्याच पावसाळ्यात ओल लागून चेहरा पसरला. पैसे परत केले, पण ताईंसमोर मान वर होईना.

पाकिटावरचा जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७०-८०, फोटोचा बहुधा १८० ते २७०. पण नुसत्या जाडीवर भुलू नका; शाई धरतो तो वरचा लेप. 'आरसी' कागदाला दोन्हीकडून प्लॅस्टिकचा थर असतो, आतला कागद भिजत नाही. तो महाग, म्हणून भिंतीवरच्या फोटोंनाच. फॉर्मच्या फोटोला साधा ग्लॉसी पुरतो.

आता नवं पाकीट आणलं की एक फोटो छापून रात्रभर वाळवतो, सकाळी त्यावर पाण्याचा थेंब टाकतो. रंग ओघळला, तर तो कागद फॉर्मपुरताच.