पहिल्या रांगेपर्यंत आवाज

सकाळी ५.४०
सातारा जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजचं सभागृह मामांच्या ताब्यात असतं. पोरं त्यांना मामा म्हणतात, प्राध्यापकही मामाच म्हणतात. आज १४ जानेवारी. घरी संक्रांत आणि कॉलेजात एकाच छताखाली दोन कार्यक्रम: विद्यार्थ्यांच्या संशोधनाची पोस्टरं आणि माजी सैनिकांचा सत्कार. मामींनी डब्यात गुळपोळी घातलीय. सुगडांची पूजा त्या एकट्याच उरकतील. मामा ठेक्यावर आहेत. सुट्टी घेतली की खाडा पडतो आणि खाड्याचे पाचशेच्या आसपास जातात. पीएफ कापून महिन्याला साडेबारा हजार हातात येतात. गाडीत शंभराचं पेट्रोल टाकलं की तीन दिवस निघतात.

६.२०
कुलूप उघडलं. आधी झाडू, मग ओला फडका. पुढच्या दोन रांगांत मंडपवाल्याच्या गादीच्या खुर्च्या लावायच्यात. भाडं खुर्चीमागे पंचवीस, खुर्च्या चाळीस. मामा एकेक खुर्ची दोन्ही हातांनी दाबून बघतात. तीन डगमगल्या, त्या मागे गेल्या. “म्हातारी माणसं खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठतात,” मामा म्हणतात. दोन रांगांत वीतभर जास्त जागा सोडलीय. गुडघा लांब करून बसायला लागतं.

७.१५
पोस्टरचे बोर्ड. लाकडी चौकट, आत सॉफ्टबोर्ड, वर हिरवं कापड. एक बोर्ड एकट्याला उचलत नाही, म्हणून वॉचमन एका बाजूला. खिशात टाचण्यांची डबी, दुहेरी चिकटपट्टी, सुतळी आणि कात्री. पोस्टर तीन बाय चार फुटांचं. बारा स्क्वेअर फूट, पंधरा रुपयांनी एकशे ऐंशी. प्रूफात चूक राहिली तर आणखी एकशे ऐंशी. हा खर्च पोरांच्या खिशातला.

८.३०
पोरं आली. पांढरे अ‍ॅप्रन, हातात फ्लेक्सच्या गुंडाळ्या, डोळ्यांत जागरण. काहींचे प्रकल्प भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, विद्यार्थी योजनेतले आहेत. ही योजना १९७९ पासून चालू आहे. काम दोन महिन्यांचं, तेही कॉलेज आणि परीक्षा सांभाळून. अहवाल मंजूर झाला तरच विद्यावेतन मिळतं. काम सुरू करण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि प्रत्येक माणसाची त्याच्या भाषेतल्या कागदावर संमतीची सही किंवा अंगठा.

एका मुलीचं पोस्टर माजी सैनिकांच्या कानांवर आहे. ती म्हणाली, “मामा, माझा बोर्ड जरा खाली घेता का? आजोबांना मान वर करून वाचता येत नाही.” मामांनी सुतळी सोडली, बोर्ड हातभर खाली आणला, परत गाठ मारली. इंग्रजी मजकुराच्या खाली तिने मराठीत चार ओळी लावल्यात, अक्षर बोटाएवढं. मामांनी त्या उभ्या उभ्या वाचल्या. मग तिला विचारलं, “म्हणजे नुसता आवाज वाढवून भागत नाही?” ती म्हणाली, “नाही मामा. मोठा आवाज उलट बोचतो. शब्द सुटे यायला पाहिजेत.”

९.२०
मामा साउंडला भिडले. नेहमी दोन्ही बॉक्स स्टेजच्या कोपऱ्यांत, तोंड मागच्या भिंतीकडे. आज एक बॉक्स उचलून पहिल्या रांगेच्या बाजूला, कानाच्या उंचीवर ठेवला. वजन वीस किलोच्या घरात. कमरेला हात लावून मामा क्षणभर थांबले. मग अ‍ॅम्प्लिफायर. बेस खाली, ट्रेबल जरा वर. माइकची शिट्टी वाजली तसा बॉक्स थोडा वळवला. माइकमध्ये नवे सेल घातले, चार सेलचे ऐंशी रुपये. पावती शर्टाच्या खिशात. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाला सांगितलं, “दादा, सावकाश बोल. आणि पंखे मधल्या रांगेतलेच लावणार. पुढं घरघर नको.”

१०.१०
माणसं यायला लागली. कुणी एसटीने, कुणी नातवाच्या मोटारसायकलवर. ब्लेझर, छातीवर डाव्या बाजूला पदकं, काहींच्या डोक्यावर बॅरे. दोन वीरपत्नी आल्यात, पदर डोक्यावर. एक आजोबा अपशिंगे मिलिटरीचे. पहिल्या महायुद्धात त्या गावची ४६ माणसं कामी आली, आणि आजही तिथल्या घराघरात फौज आहे. मामा दारातच उभे आहेत. सुभेदारांना सुभेदार साहेब, हवालदारांना हवालदार साहेब. वीरपत्नींना ताई. हाताला धरत नाहीत, कोपर पुढे करतात. ज्याला धरायचं तो धरतो.

११.००
समई पेटली. अधिष्ठाता मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. कागद जवळ होता, पण बघितला नाही. १९५३ साली याच तारखेला जनरल करिअप्पा निवृत्त झाले, भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती, पुढे फील्ड मार्शल. म्हणून १४ जानेवारी माजी सैनिकांचा दिवस. एवढं सांगून त्या संशोधनाकडे वळल्या. विद्यार्थ्यांना म्हणाल्या, “तुम्ही ज्यांच्यावर अभ्यास केलात ती माणसं समोर बसलीत. आधी त्यांना सांगा काय सापडलं, मग आम्हाला.”

सत्कार स्टेजवर नाही. पाच पायऱ्या कुणी चढायच्या नाहीत, हे मॅडमनी कालच ठरवलं होतं. त्या खाली उतरल्या. मामांच्या हातात ताट: शाल, नारळ, तिळगुळाची पुडी. शाल दोनशेची, नारळ चाळिसाचा. शेंडी वर ठेवून नारळ द्यायचा, शालीची घडी एका झटक्यात उघडली पाहिजे. मामांनी सगळ्या घड्या सकाळीच सैल करून ठेवल्यात. नाव पुकारलं की माणूस पहिल्या हाकेला उठतो. मामांनी मागे वळून साउंडवाल्या टेबलाकडे एकदा बघितलं. आवाज पोचतोय.

१२.१५
पोस्टरांभोवती गर्दी. परीक्षक पॅड-पेन घेऊन फिरतायत, पण कानाच्या बोर्डापुढे त्यांना जागा मिळत नाही. तोफखान्यातले एक हवालदार तिथं उभे आहेत. सतरा वर्षं तोफेवर. “आमच्या वेळी कानात कापूस घालायचो,” ते म्हणाले, “तोही कधी घातला, कधी नाय.”

मुलीने आलेखावर बोट ठेवलं. रेघ सरळ चाललीय आणि ४००० हर्ट्‌झपाशी खड्डा पडलाय. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की परत येत नाहीत. खड्डा इथूनच सुरू होतो. रायफल उजव्या खांद्यावर असली की डावा कान नळीच्या जवळ, उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणून पुष्कळांचा डावा कान जास्त जातो.

हवालदारांनी डाव्या कानाला हात लावला. “आवाज येतो गं पोरी. शब्द उमगत नाय. घरात म्हणतात मुद्दाम ऐकत नाय. आणि रात्री रातकिडे किरकिरतात आत.”

“स, श, फ, थ ही अक्षरं पहिली जातात, आजोबा. बोलणं कळतं, पण अर्धं. मुद्दाम नाही करत तुम्ही. घरच्यांना इकडं घेऊन या, मी दाखवते.”

हवालदारांनी बाजूच्या नातवाला पुढे ओढलं. “वाच हे,” म्हणाले. नातवाने चारही ओळी मोठ्यानं वाचल्या.

१.३०
जेवण. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, गुळपोळी. ताट एकशे तीस. पाहुण्यांची पंगत, मग प्राध्यापक, मग पोरं. मामा पाण्याचे जार बदलतायत. वीस लिटरचा एक जार, तो उलटा धरून एका दमात बसवावा लागतो. बक्षिसं जेवणाआधीच वाटून झाली. कानाच्या पोस्टरला दुसरा नंबर. मुलीने प्रमाणपत्र घडी न घालता मामांकडे ठेवायला दिलं आणि ओपीडीकडे पळाली.

२.५०
मामांनी डबा उघडला. मामींची गुळपोळी आधी खाल्ली. दहा मिनिटांत उठले.

३.१५
कान-नाक-घसा विभागाची तपासणीची खोली मॅडमनी दुपारभर उघडी ठेवायला सांगितलीय. आत आवाजबंद कपाटाएवढी खोली, हेडफोन, हातात बटण. बारीक ‘टूं’ ऐकू आलं की दाबायचं. एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बाहेर बाकावर ब्लेझर काढून ठेवलेली माणसं. पदकं मामांनी रुमालात घेतलीत. स्ट्रेचर आलं की मामा उठून वॉर्डबॉयला थांबवतात, पुढचं चाक उचलून धरतात, अलगद पुढे काढतात. लोखंडी चाकाचा खडखडाट आत गेला तर तपासणी फुकट.

हवालदार बाहेर आले. हातात आलेख. ईसीएचएसचं कार्ड त्यांच्याकडे आहे. ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून सुरू आहे. कानाचं एक मशीन मिळालंही होतं, ते कपाटात पडलंय. सेल आठवडाभर टिकतो, आणायचा तालुक्यातून. घातलं की सगळंच मोठं ऐकू यायचं, भांडीसुद्धा. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, “मशीन घेऊन या. तुमच्या या आलेखाप्रमाणे ते परत लावून देऊ.” तारीख लिहून दिली, पुढचा गुरुवार.

५.१५
सभागृह रिकामं. उलट्या क्रमाने सगळं. टाचण्या मोजून डबीत, सुतळी गुंडाळून खिशात. खुर्च्या पाच-पाचच्या थप्पीने टेम्पोत. पोरं आपापली पोस्टरं घेऊन गेली. कानाचं पोस्टर मॅडमच्या सांगण्यावरून मामांनी ओपीडीच्या भिंतीवर लावलं, बाकावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर येईल इतकं खाली.

६.३०
ऑफिसात मामांनी सेलच्या पावतीला अर्ज जोडला. ऐंशी रुपये पगाराबरोबर यायला हवेत. मग सभागृहाच्या वहीत गुरुवारची नोंद केली: सकाळी दहा, पुढच्या वीस खुर्च्या, माइक. तपासणीला येणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना ती मुलगी तिथं समजावून सांगणार आहे. बॉक्स कुठं ठेवायचा तेही मामांनी लिहिलं. त्या दिवशी त्यांची रजा असली तर दुसऱ्याला कळायला हवं.