रंगमंचाची किल्ली कोणाकडे?

कलावंत घडविण्यात आपल्या वस्त्या कधी कमी पडल्या नाहीत. हलगी-ढोलकी वाजविणारे हात, लावणी पेलणारे गळे, वगातले सोंगाडे हे मोठ्या प्रमाणावर महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतूनच आले. पण एक प्रश्न कलेच्या इतिहासात फारसा विचारला जात नाही: ज्या मंचावर हा कलावंत उभा राहतो तो मंच चालवितो कोण? मंचावर उभे राहणे वेगळे आणि मंचाचा कारभार हाती असणे वेगळे. पहिल्याची आपल्याजवळ मोठी परंपरा आहे. दुसऱ्याचा विचार मात्र चळवळीने अजून नेटाने करावयाचा आहे.

रंगमंदिराचे नेतृत्व म्हणजे कोनशिलेवरील नावे नव्हेत. ते चार अधिकारांचे मिळून बनते. पैसा कोठून आणावयाचा आणि कशावर खर्चावयाचा, हा पहिला, तो विश्वस्तांचा. मंच कोणाला द्यावयाचा, हा दुसरा, तो संचालकाचा. कोणती तारीख कोणाला, तिकीट किती, दिवे व ध्वनी कसे, हा तिसरा, तो व्यवस्थापकाचा. जे सादर झाले ते टिपून, मुद्रित करून जपावयाचे, हा चौथा. तो दप्तर सांभाळणाऱ्याचा. या चौघांनी मिळून एखादी कला 'अभिजात' ठरते आणि एखादी 'करमणूक' म्हणून दाराबाहेर राहते.

मुंबईतील नरिमन पॉइंटच्या 'नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स' या संस्थेत हे स्पष्ट दिसते. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ साली ती स्थापन केली. समुद्रात भर घालून मिळविलेल्या जमिनीवर १९८० साली टाटा थिएटर आणि १९९९ साली जमशेद भाभा थिएटर उघडले. पु. ल. देशपांडे तेथे मानद संचालक होते, अशोक दा. रानडे संशोधन पाहत होते, १९९३ पासून विजया मेहता यांनी कारभार सांभाळला. पु. ल. आणि रानडे यांच्यासारखी माणसे आत होती म्हणून मराठी लोकसंगीत, बैठकीची लावणी यांची दखल तेथे घेतली गेली. पुढे खुशरू सनटुक यांच्या पुढाकाराने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा राहिला. यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. आत जो बसतो त्याची आवड संस्थेची आवड होते, एवढेच ध्यानात घ्यावयाचे आहे. मग आपली आवड, आपले दुःख, आपला इतिहास आत नेणारा माणूस आत कधी बसणार?

तमाशात याची दुसरी बाजू दिसते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी ठरवून जातात. फडाचा मालक व्याजाने पैसा घेतो, कलावंत मालकाकडून उचल घेतो. हंगामाचा पडदा वर जाण्याआधीच दोघेही बांधले गेलेले असतात. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांनी स्वतःचा फड चालविला. तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस ओढगस्तीचेच होते. आता त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. फड त्यांचा होता, पण पैशाची नाडी त्यांच्या हाती नव्हती. म्हणजे मालकी नावाची असून भागत नाही. पहिला अधिकार सुटला की उरलेले तीन टिकत नाहीत.

चळवळीने स्वतःचा मंच उभा केला तो जलशात. सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेत १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक भागातून आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाचा घाट त्यांनी ठेवला आणि आशय पालटला. विषय तेच ठरवीत, गाव तेच ठरवीत. आणि १९७८ साली कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून चौथा अधिकारही बजावला. तसे झाले नसते तर जलशाचा बराच इतिहास त्या पिढीबरोबरच संपला असता. उणीव एकच आणि ती मोठी: त्या आरंभीच्या जलशांत स्त्रीची भूमिकाही पुरुषच करीत. स्त्री मंचावर नव्हती, मग कारभारात कोठून असणार?

स्वतःची वास्तू असली म्हणजे सारे साधले, असेही नाही. दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बाबासाहेबांचा छापखाना २५ जून २०१६ रोजी पाडला गेला, तेव्हा ट्रस्टचा कारभार नेमका कोणाचा हा वाद चव्हाट्यावर आला. हजारो लोक रस्त्यावर उतरले. पण मोर्चा निघाला तो भिंती पडल्यानंतर. विश्वस्तांच्या यादीकडे समाजाचे लक्ष आधीच असावयास हवे होते.

आता आपल्या मुकुटबनकडे पाहू. वणी-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे, झरी-जामणी तालुक्यातले हे गाव. तेलंगणाची सीमा जवळ, भोवती गोंड-कोलामांच्या वस्त्या. दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यात दंडार रंगते, १४ एप्रिलला भीमगीते होतात. २०२२ पासून येथील बिर्ला गटाचा सिमेंट कारखाना व्यापारी उत्पादन करतो आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावयाचे असतात आणि कला-संस्कृतीचे जतन त्या कामांत मोडते. अशा पैशातून किंवा शासनाच्या निधीतून उद्या एखादे सभागृह उभे राहिले, तर दंडारवाल्यांना २६ जानेवारीला पाहुण्यांपुढे नाचावयास बोलावतील, भीमगीतवाल्यांना १४ एप्रिलची तारीख देतील. उरलेल्या दिवसांचे काय, हे ठरविणारे कोण असतील?

म्हणून विटा येण्याआधी समिती झाली पाहिजे. ती नोंदलेली असावी. बौद्ध, मातंग, गोंड, कोलाम या समाजांतील माणसे तिच्यात सल्लागार म्हणून नव्हे, सही करणारी म्हणून असावीत. निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि खजिनदार त्यांच्यापैकी असावी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हा कागद कंटाळवाणा वाटतो, पण पुढे वास्तूवरचा हक्क त्यावरच ठरतो. हिशेब वर्षातून एकदा भर सभेत वाचावा. तारखांची वही कोणालाही पाहता यावी. महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करून गाणाऱ्याचे नाव, गाव, गाण्याची भाषा लिहून ठेवावी. कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांपासून आरंभ करावा, कारण त्यांच्याजवळ वेळ थोडा आहे.

यांतील बहुतेक कामांना सभागृह लागत नाही. बुद्धविहाराचे अंगण, एक वही आणि पाच जबाबदार माणसे पुरेत. पुढे सभागृह आले, तर त्याची किल्ली मागावयास कोणी तरी तयार असेल.