यंत्रमानवाचे पाऊल जड कधी वाटते?



यंदाच्या गणेशोत्सवात दाखवण्यासाठी आपल्या मंडळातील काही शाळकरी मुले संगणकावर एक छोटा खेळ तयार करीत होती. त्यात पाच मजली उंच यंत्रमानवाच्या डोक्यात बसून तो चालवायचा. पहिल्याच चाचणीत बाकीची मुले हसली, "हा तर पुठ्ठ्याचा वाटतो!" बनवणारे हिरमुसले आणि सगळेच सोडून द्यायला निघाले. मग आम्ही पालकही त्यांच्याबरोबर बसलो. जे समजले ते सर्व सभासदांसाठी येथे देत आहोत.

चूक पहिली निघाली ती वेगाची. चालताना पाय थोडाफार लंबकासारखा झुलतो. घरी करून पाहा. एक दोरा 25 सेंटीमीटरचा आणि दुसरा 1 मीटरचा घ्या, दोन्हींना खडा बांधा आणि झुलवा. आखूड दोऱ्याचा पूर्ण झोका सुमारे 1 सेकंदात होतो, तर लांब दोऱ्याचा 2 सेकंदांत. लांबी चौपट, वेळ दुप्पट. याच हिशेबाने माणसाच्या दहापट उंच यंत्राला एका पावलाला तिपटीहून थोडा जास्त वेळ लागेल. आपले पाऊल अर्ध्या सेकंदाचे, तर त्याचे दीड सेकंदाचे. मात्र ढांग दहापट लांब असल्याने पाय संथ पडूनही ते आपल्यापेक्षा वेगाने पुढे जाते. मुलांचा यंत्रमानव माणसाच्या लयीत तुरुतुरु चालत होता, म्हणून तो पुठ्ठ्याचा वाटला.

दुसरी बाब वजनाची. गॅलिलिओने 1638 सालच्या ग्रंथात मांडले आहे की आकार दहापट केला तर वजन हजारपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. त्यामुळे प्रत्येक पायावरचा ताण दहापट होतो. एवढे जड यंत्र जमिनीवर अलगद टेकणे शक्यच नाही. पाऊल पडताच चालकाची खोली किंचित खाली बसली पाहिजे, धूळ उठली पाहिजे, धप्प आवाज आला पाहिजे.

खरी मेख मात्र हुकमतीत आहे. यंत्र जड दाखवण्यासाठी बटण दाबल्यावर काही क्षण काहीच घडू दिले नाही, तर खेळणाऱ्याला वजन जाणवत नाही. यंत्र ऐकत नाही असे वाटते. म्हणून प्रतिसाद लगेच द्यायचा, हालचाल मात्र सावकाश पूर्ण करायची. बटण दाबताच मोटारीचा आवाज चढतो, काटा हलतो, आणि मग धड वळू लागते.

जुन्या खेळांत हे कसब दिसते. 1995 च्या 'मेकवॉरियर 2' मध्ये पाय एका दिशेला चालतात आणि धड दुसरीकडे वळवता येते, रणगाड्याच्या बुरुजासारखे. शस्त्रे सतत चालवली की यंत्र तापते आणि फार तापले की बंद पडते. म्हणजे चालकाला शत्रूइतकेच स्वतःच्या यंत्राकडेही लक्ष द्यावे लागते. 2002 साली कॅपकॉम या जपानी कंपनीने 'स्टील बटालियन' काढला. त्याच्यासोबत सुमारे 40 बटणे, दोन दांडे आणि तीन पेडल असलेला भलामोठा फलक मिळे. यंत्र सुरू करायलाच बटणांचा ठरलेला क्रम पाळावा लागे. यंत्र नष्ट होताना बाहेर पडण्याचे बटण वेळेत दाबले नाही, तर चालक मरे आणि साठवलेला खेळही पुसला जाई. तिथे यंत्र खरे वाटण्यामागे चित्रापेक्षा ही जोखीम मोठी होती.

एक सावधगिरीही शिकलो. पडदा सतत हलत राहिला तर अनेकांना मळमळते, कारण डोळ्यांना हालचाल दिसते आणि शरीर स्थिर असते. म्हणून खिडकीची चौकट नजरेसमोर स्थिर ठेवायची आणि हादरा थोडक्यात आटोपायचा.

मुलांनी पावलाचा वेळ वाढवला, हादरा निम्मा केला आणि प्रत्येक बटणाला तत्काळ आवाज जोडला. पुढच्या रविवारी एका आजोबांनी दांडा हाती घेतला, चार पावले चालवली आणि म्हणाले, "जपून रे, भिंत पडेल!" या वेळी हसली ती खेळ बनवणारी मुले.

पडद्यापुढे बसलेल्या आपल्या नातवंडांना एकदा विचारून पाहा, "हे खरे का वाटते?" गप्पा चांगल्या रंगतात, हा आमचा अनुभव आहे.