आई-बाबांसाठी बोट: लहान की मोठी?

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले, की आपल्या हायडेलबर्गकर मराठी घरांतून एकच चर्चा सुरू होते: यंदा त्यांना बोटीवर न्यायचं, पण कुठल्या?

आधी आपल्या नदीचंच पाहू. ऱ्हाईनवरच्या मोठ्या प्रवासी बोटी १३५ मीटर लांब असतात. नेकारवरचे लॉक, म्हणजे बोट वर-खाली करणारे पाण्याचे कप्पे, ११० मीटरचेच! म्हणून त्या बोटी मानहाइम किंवा श्पायरला थांबतात आणि पाहुणे बसने आपला किल्ला बघायला येतात.

समुद्री जहाजांची तऱ्हा निराळी. २०२४ साली सुरू झालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे. अशा जहाजांवर डॉक्टर, भरपूर लिफ्ट, नातवंडांना पोहायला तलाव. पण गर्दी आणि रांगाही तशाच. नदीवर हेलकावे नाहीत, काठ हाकेच्या अंतरावर. मात्र लिफ्ट प्रत्येक मजल्यावर जाईलच असं नाही, तिकिटाआधी विचारा.

खरी मेख व्हिसाची. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर इंग्लंडला जाऊन परतणारं जहाज नकोच. बाझेल ते ॲमस्टरडॅम ही ऱ्हाईनची सफर मात्र सगळी शेंगेनमध्येच होते.

आमचं ऐकाल, तर आजीला आधी इथल्या छोट्या बोटीने नेकारस्टायनाखचे चार किल्ले दाखवून आणा. अर्ध्या दिवसात कळतं, तिच्या गुडघ्यांना जिना आणि पोटाला पाणी मानवतं का. मोठा खर्च मग करावा!