भिंतीवरील नकाशा आणि खरी पृथ्वी

भूगोलाच्या पाठास जगाचा नकाशा हे अपरिहार्य साधन होय. ज्या मुलाने आपल्या तालुक्याबाहेर पाऊल टाकलेले नाही, त्यासही या एका कागदामुळे सारे खंड व महासागर डोळ्यांपुढे दिसतात. परंतु नकाशा हे पृथ्वीचे चित्र आहे, प्रत्यक्ष पृथ्वी नव्हे. शिक्षकास ही गोष्ट ठाऊक असते. मुलास मात्र ती सांगितल्यावाचून उमगत नाही. जे चित्र वर्षानुवर्षे वर्गात टांगलेले असते, तेच त्याच्या मनात सत्य म्हणून ठसते आणि पुढे मोठेपणी ते पुसून काढणे कठीण जाते. म्हणून नकाशा दाखविताना त्याच्या मर्यादाही दाखविणे हा भूगोलाच्या अध्यापनाचाच एक भाग मानला पाहिजे.

संत्र्याची साल अखंड काढून पाटीवर सपाट दाबून बसविण्याचा प्रयत्न केला, तर ती ठिकठिकाणी फाटते. गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय अथवा फाडल्याशिवाय सपाट होत नाही, हे यावरून मुलांना तत्काळ पटते. नकाशा काढणारासही हीच अडचण येते. आकार खरा ठेवावा तर क्षेत्रफळ बिघडते, आणि क्षेत्रफळ खरे ठेवावे तर आकार बिघडतो.

फ्लँडर्समधील भूगोलज्ञ मर्केटर याने १५६९ साली जगाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, तो खलाशांच्या सोयीसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारे जहाज त्या नकाशावर सरळ रेषेत जाते. समुद्रावर या गुणाचे मोल फार मोठे होते. पण त्यासाठी त्याला ध्रुवांकडील प्रदेश ताणावे लागले. ६० अक्षांशावरील वर्तुळ वस्तुतः विषुववृत्ताच्या निम्मे असते. या नकाशात मात्र ते विषुववृत्ताइतकेच लांब काढले जाते. आकार बिघडू नये म्हणून उत्तर-दक्षिण लांबीही तेथे दुप्पट करावी लागते, आणि परिणामी क्षेत्रफळ चौपट दिसते. ध्रुवाकडे जावे तसा हा फुगवटा वाढतच जातो. प्रत्यक्ष ध्रुव तर या नकाशावर दाखविताच येत नाही.

याचा परिणाम ग्रीनलंडकडे पाहिल्यास ध्यानात येतो. मर्केटरच्या नकाशात ते आफ्रिकेएवढे भासते. वस्तुतः ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, तर आफ्रिकेचे सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ चौदापट. भारताचे क्षेत्रफळ ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर असून ते ग्रीनलंडच्या दीडपट आहे. भारत, चीन आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे तिन्ही देश आफ्रिकेत सामावूनही आणखी दोन भारत बसतील एवढी जागा उरते. केवळ चित्र लहान म्हणून ज्या मुलाने आफ्रिका लहान मानली, त्याचा तेथील देशांविषयीचा अंदाजही तसाच आखूड राहतो.

वर्गातील सर्वच नकाशे या पद्धतीचे नसतात. ते ओळखण्याची खूण सोपी आहे. अक्षवृत्ते व रेखावृत्ते सरळ असून एकमेकांस काटकोनात छेदत असतील आणि अक्षवृत्तांमधील अंतर ध्रुवांकडे वाढत गेले असेल, तर तो नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा समजावा.

ज्या शाळेत पृथ्वीचा गोल नाही, तेथे शक्य तितके गोल असे मातीचे मडके पालथे घालून काम भागविता येते. मडक्याच्या पोटाचा सर्वांत रुंद घेर हे विषुववृत्त, आणि वर आलेल्या बुडाचा मध्य हा उत्तर ध्रुव. घेरापासून मध्यापर्यंतचे अंतर सुतळीने मोजून तिचे तीन समान भाग करावेत. घेरापासून दोन भाग वर खडूने वर्तुळ काढले की ते ६० अक्षांशाचे झाले. त्याचा घेर मुलांनी स्वतः मोजावा. तो खालच्या घेराच्या जवळजवळ निम्मा भरतो. मर्केटरच्या नकाशातील फुगवट्याचे कारण मग वेगळे सांगावे लागत नाही.

याच मडक्यावर दुसरा प्रयोग करावा. घेराचे बारा समान भाग पाडावेत. घेरापासून मध्यापर्यंतच्या अंतराच्या एकपंचमांश उंचीवर मुंबईची खूण करावी. तेथून पश्चिमेस सुमारे पाच भाग मोजून, निम्म्याहून थोड्या कमी उंचीवर न्यूयॉर्कची खूण करावी. दोन्ही खुणांवर दोरा ताणून धरला, तर तो अरबस्तानावरून पश्चिमेस न जाता बराच उत्तरेकडे सरकतो. प्रत्यक्ष पृथ्वीवर हा सर्वांत जवळचा मार्ग आइसलंडवरून व ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. सपाट नकाशावर जो फेरा वाटतो, तोच गोलावर जवळचा रस्ता असतो.

नकाशाची कड हीदेखील मुलांची दिशाभूल करते. अमेरिका डाव्या टोकास आणि रशिया उजव्या टोकास पाहून हे देश परस्परांपासून अतिदूर आहेत असे त्यांना वाटते. बेरिंगच्या सामुद्रधुनीत डायोमीड नावाची दोन बेटे आहेत. मोठे रशियाचे व लहान अमेरिकेचे असून त्यांमधील अंतर ४ किलोमीटरांहूनही कमी आहे. आंतरराष्ट्रीय वाररेषा त्यांच्या मधून जात असल्यामुळे लहान बेटावर रविवार असताना मोठ्या बेटावर बहुतेक वेळ सोमवार उजाडलेला असतो.

उत्तर म्हणजे ‘वर’ हा समज तर फारच दृढ असतो. त्यामुळे नदी उत्तरेकडे कशी वाहील, अशी शंका मुले घेतात. पाणी नकाशाच्या खालच्या बाजूस जात नाही. ते जमिनीच्या उतारास अनुसरते. श्वेत नाईल सुमारे १,१३० मीटर उंचीवरील व्हिक्टोरिया सरोवरातून निघून उत्तरेकडे वाहते आणि पुढे नाईलचे पाणी भूमध्य समुद्रास मिळते. आपल्याकडे गिरणा नदीही जळगाव जिल्ह्यात उत्तरेकडे वळून तापीस मिळते. गोदावरीचा उगम अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरांवर. तरी सह्याद्रीच्या पूर्व उतारामुळे ती सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरास जाते.

उंचीच्या बाबतीतही मोजमाप कोठून केले, हे विचारावयास हवे. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सर्वांत उंच असून २०२० साली त्याची उंची ८,८४८.८६ मीटर जाहीर झाली. परंतु पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. त्यामुळे तिच्या केंद्रापासून मोजल्यास दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या चिंबोराझो पर्वताचे शिखर सर्वांत दूर ठरते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची मात्र केवळ ६,२६३ मीटर आहे.

ही माहिती मुलांकडून पाठ करवून घेण्यासाठी नाही. नकाशापुढे उभे राहून तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागावी, एवढाच हेतू आहे: हे चित्र कोणत्या कामासाठी काढले? यात काय ताणले गेले? आणि हे माप कोठून घेतले? ज्या वर्गात हे प्रश्न विचारले जातात, तेथे मुले चित्रावर विसंबून न राहता मोजून पाहू लागतात. त्यासाठी सुतळी, खडू व मडके ही साधने प्रत्येक शाळेस सहज मिळण्याजोगी आहेत.